२५ व्होल्ट देण्याआधी ‘एच’ बघा

काउंटर यंत्रातली ८७४८ (इंटेलची जुनी मायक्रोकंट्रोलर चिप, प्रोग्राम तिच्यातच साठवलेला) गेली आणि नवा यूएसबी प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम भरणारं यंत्र) दुसरी चिप लिहीतच नाही, असं तुम्ही म्हणता. प्रोग्रामर बिघडलेला नसावा. मूळ ८७४८ लिहायला २५ व्होल्ट लागतात, ८७४८एच ला २१. बरेच स्वस्त प्रोग्रामर तिथवर पोचतच नाहीत. नावामागचं ते ‘एच’ भिंगाखाली नीट बघा. २१ वालीला २५ दिले की ती गेलीच समजा. (मी दोन घालवल्यात.)

पण जुनी चिप खरंच मेलीय का? अनेकदा काही बिट्समधला चार्ज गळालेला असतो, बाकी सगळं शाबूत. चिपवरच्या काचेच्या खिडकीवर (तिच्यातून अतिनील प्रकाश पाडून चिप पुसतात) काळी पट्टी लावा आणि पुरवठा ५ वरून ४.५ व्होल्टकडे हळूहळू उतरवत पाच-सहा वेळा वाचा. गळके बिट कमी व्होल्टेजला बऱ्याचदा बरोबर वाचले जातात. १०२४ बाइट्सच तर आहेत, वाचलेल्या फायली शेजारी ठेवून ताडता येतात. वाचतानाही ‘ईए’ नावाच्या पिनला (चिपच्या एका पायाला) ५ पेक्षा बरंच चढं व्होल्टेज लागतं, हे मात्र विसरू नका.

८७५१ (इंटेलचीच पुढची चिप) असती तर काम सोपं होतं: एटी८९सी५१ ही चिप त्याच सॉकेटात बसते, ४ केबी फ्लॅश (विजेनेच पुसली जाणारी मेमरी), अतिनील दिव्याची कटकटच नाही.