गॅलारागाच्या बॉक्स स्कोअरमधला तो एक हिट खोडायचा का?

पारावरचा: कालच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की २ जून २०१० च्या डेट्रॉइट टायगर्स-क्लीव्हलँड बेसबॉल मॅचची नोंद, म्हणजे बॉक्स स्कोअर, लीगने आता तरी दुरुस्त करावी आणि टायगर्सचा पिचर (चेंडू टाकणारा) गॅलारागाच्या नावावर परफेक्ट गेम (एकालाही बेसवर पोचू न देता ओळीने सगळे २७ आउट) लावावा. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. २६ जण ओळीने आउट, २७वा जेसन डोनाल्ड फर्स्ट बेसवर स्पष्ट आउट आणि अंपायर जिम जॉइसने सेफ दिला, म्हणून नोंदीत तो एक हिट. चूकच ती, त्याने त्याच रात्री कबूलही केली. पण मग ट्रेव्हर क्रो खेळायला आला, तो आउट झाला तेव्हा मॅच संपली. डोनाल्डला आता आउट केलंत तर क्रोची पाळी कुठे टाकणार? ती झालीच नाही म्हणायचं?

मिशिगनची_मावशी: हो, म्हणायचं! आम्ही तेव्हा डेट्रॉइटजवळ राहायचो, माझा मुलगा नऊ वर्षांचा, रडत रडत झोपला त्या रात्री. दुसऱ्या दिवशी गॅलारागाने जॉइसच्या हातात लाइनअप कार्ड (संघातल्या खेळाडूंची यादी) दिलं आणि जॉइस डोळे पुसत होता. सगळ्यांना मान्य आहे, मग कागदालाच काय धाड भरलीये? रेकॉर्ड बदलत नाही म्हणणाऱ्यांनी १९९१ बघावं, व्याख्या बदलून पन्नासेक नो-हिटर (पिचरने एकही हिट न दिलेल्या मॅचेस) यादीतून काढून टाकले. पिचर हॅडिक्सने १९५९ मध्ये १२ इनिंग्ज परफेक्ट टाकल्या होत्या, तोही गेला.

पारावरचा: यादीतून गेला हो, बॉक्स स्कोअरमधून नाही. ओळीने ३६ आउट आणि १३व्या इनिंगमध्ये हार, दोन्ही अजून तिथेच आहे.

चौकार_चोरीला: नोंद पवित्र असल्यासारखं बोलू नका, लिहिणारा माणूसच असतो. १९१० मध्ये बेसबॉलचा बॅटर टाय कॉबची एक मॅच दोनदा मोजली, दोन हिट फुकटचे, कळायला सत्तर वर्षं लागली. आणि माझं सांगतो, नववीत तालुक्याच्या क्रिकेट मॅचला माझा चौकार स्कोअररने पार्टनरच्या नावावर मांडला, मी ४६ वर राहिलो, सरांकडे गेलो तर म्हणे वहीत लिहिलं ते लिहिलं. आयुष्यात एकदाच पन्नास झाले होते माझे.

दोन_वह्या: म्हणून तर दोन स्कोअरर बसवतात आणि दर ओव्हरला ताळा करतात. वीस वर्षं उन्हात बसून स्कोअरिंग केलंय, उगाच आमच्या जातीला नावं ठेवू नका.

चौकार_चोरीला: आमच्याकडे एकच होता, तोही मध्ये चहाला उठला. त्याचं काय करू?

दोन_वह्या: मग तो स्कोअरर नव्हताच! तुम्ही त्याच ओव्हरला का नाही सांगितलं?

चौकार_चोरीला: बॅटिंग करत होतो मी! पिचवरून वही दिसते का तुम्हाला?

मिशिगनची_मावशी: अरे तुमचा चौकार बाजूला ठेवा. ८८ पिचेस (चेंडू) टाकल्या त्या गॅलारागाने, एकही वॉक (चार खराब चेंडूंमुळे बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) नाही, आणि पुढे २०१४ ला व्हिडिओ रिप्लेचा नियम वाढवला तो असल्याच चुकांसाठी ना? म्हणजे न्याय पुढच्यांना, याला नाही.

पारावरचा: ते खरंय, नाकारत नाही. चौकारवाल्यांचंही पटतं, मांडणाऱ्याची चूक सुधारायलाच हवी. पण अंपायरने मैदानात दिलेला निर्णय ही मांडणी नव्हे, ती मॅचच आहे.

मिशिगनची_मावशी: मग निदान खाली एक तळटीप तरी?

पारावरचा: तळटीप चालेल. हिट हलवायचा नाही.