अवयव, विभाजक, भाजक : 43,560 चे नेमके किती?

प्रश्न, दारव्हा : एका एकरात 43,560 चौरस फूट. 'याचे अवयव किती?' असं विचारलं की पोरं तीन उत्तरं देतात : 72, 8 आणि 4. खरं कोणतं, गुरुजी?

गणित शिक्षक, आर्वी : तिन्ही खरी आहेत भाऊ, प्रश्नातला शब्द सैल आहे.

43,560 = 2×2×2×3×3×5×11×11. 'मूळ अवयव' पुन्हा आलेलेही मोजले तर 8. वेगवेगळे तेवढेच मोजले तर 2, 3, 5, 11 म्हणजे 4. 'विभाजक', म्हणजे ज्यांनी निःशेष भाग जातो त्या सगळ्या संख्या, विचारले तर 72. शाळेत अवयव आणि विभाजक एकाच अर्थाने चालतात, त्यातून हा घोळ होतो. म्हणून प्रश्न काढताना 'विभाजक' किंवा 'मूळ अवयव' असं स्पष्टच लिहावं.

72 असे येतात : घातांक 3, 2, 1, 2. प्रत्येकात 1 मिळवून गुणा, 4×3×2×3. हा 1 पुष्कळांचा सुटतो आणि उत्तर 12 येतं. विभाजक तयार करताना 2 एकदा, दोनदा, तीनदा घेता येतो, तसाच अजिबात न घेताही चालतो; चौथा पर्याय तो.

प्रश्न, दारव्हा : मग 'भाजक' आणि 'विभाजक' एकच का?

गणित शिक्षक, आर्वी : नाही. ज्या संख्येने भागता ती भाजक, बाकी उरो वा न उरो. निःशेष भाग गेला तरच विभाजक. वावराचे 7 हिस्से करायचे तर 43,560 ÷ 7 मध्ये भागाकार 6,222 आणि बाकी 6. इथे 7 भाजक आहे, विभाजक नाही. 11 हिस्से केले तर प्रत्येकी 3,960, बाकी शून्य. 11 दोन्ही आहे. मसावि मधला 'वि' विभाजकाचा आणि लसावि मधला विभाज्याचा, हेही लक्षात असू द्या.

मोजणीचं काम पाहणारे, पुसद : तो 11 जमीन मोजायच्या साखळीतून आला. इंग्रज गणितज्ञ एडमंड गंटर यांची 1620 ची साखळी 66 फुटांची, 100 कड्यांची. एकर म्हणजे 10 चौरस साखळ्या, 66×66×10. 66 मध्ये एक 11, वर्ग केला की दोन. गुंठाही 33×33 म्हणजे 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे.

'मूळ' शब्दाबद्दलही सांगतो. मूळ अवयव वेगळे, वर्गमूळ वेगळं. 2 तीनदा आणि 5 एकदा, दोघांचीही जोडी अपुरी. म्हणून 43,560 पूर्ण वर्ग नाही. चौरस एकराची बाजू 208.71 फूट येते. पूर्ण फुटांत चौरसाच्या सर्वांत जवळचा आयत 198×220. दहा एकर घेतले की दोन्ही जोड्या जमतात आणि बाजू नेमकी 660 फूट.

प्रश्न, दारव्हा : सातबाऱ्यावर तर हेक्टर असतो.

मोजणीचं काम पाहणारे, पुसद : तिथेच जपावं लागतं. हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर, त्यात 2 आणि 5 शिवाय मूळ अवयव नाही, विभाजक फक्त 25. एका हेक्टरात तीन भावांचे हिस्से 0.33.33 (हेक्टर, आर, चौरस मीटर; 100 चौरस मीटरचा 1 आर) लिहिले तर बेरीज 0.99.99 होते, 1 चौरस मीटर सुटतो आणि मूळ क्षेत्राशी मेळ बसत नाही. दोन हिस्से 0.33.33 आणि एक 0.33.34 करा, आणि वाढीव मीटर कोणाच्या धुऱ्याकडे जातो ते वाटणीपत्रातच लिहा.