निरोपाची मिस्सा, बक्षिसं, पुढच्या वर्गाची ओळख: शेवटच्या महिन्याचा क्रम कसा लावावा?

दुसरी_घंटा
आमची कॅथलिक शाळा आहे. वर्ष संपायला सहा आठवडे उरलेत आणि शेवटच्या कार्यक्रमांची आखणी माझ्याकडे आली आहे. निरोप घेणाऱ्या वर्गात 96 मुलं, तीन तुकड्या. त्यातली साधारण 40 कॅथलिक. शिवाय प्राथमिकची 110 मुलं माध्यमिकला जाणार आहेत, त्यातली काही दुसऱ्या शाळांत.

आतापर्यंत सगळं एकाच सकाळी व्हायचं. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), तिच्यातच बक्षिसं, मुलांची मनोगतं, प्रमाणपत्रं, मग मेणबत्ती धाकट्या वर्गाकडे सोपवणं. तीन तास जातात आणि मागचे बाक बोलायला लागतात. हे सुटं कसं करावं? मिस्सेत काय चालतं, काय चालत नाही? आणि खालच्या वर्गातून वर जाणाऱ्या मुलांसाठी नुसती इमारत दाखवण्यापलीकडे काय करायला हवं?

वाचनमंच
आधी तारीख, मग बाकी सगळं. आणि तारीख शाळेच्या दिनदर्शिकेवर नाही, उपासनेच्या दिनदर्शिकेवर बघा. 2026 मध्ये राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) 18 फेब्रुवारीला आणि ईस्टर 5 एप्रिलला आहे, 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला. तुमचं वर्ष मार्च-एप्रिलमध्ये संपत असेल तर निरोपाची मिस्सा बहुधा उपवासकाळात येणार. त्या काळात ग्लोरिया आणि आलेलुया ही स्तुतिगीतं नसतात, वेदीवर फुलं नसतात आणि वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजतात. (उपवासकाळातला चौथा रविवार आणि मधले मोठे सण याला अपवाद.) सजावट समितीने फुलं सांगून ठेवली आणि आदल्या दिवशी फादरांनी काढायला लावली, की चिडचिड होते. त्यापेक्षा फुलं थेट सभागृहात लावा.

पवित्र सप्ताह, म्हणजे ईस्टरआधीचा आठवडा, पूर्ण सोडा. त्या आठवड्यात किंवा त्याच्या आसपास बिशपांबरोबर तेलांची मिस्साही (संस्कारांची तेलं आशीर्वादित करण्याची) असते, धर्मप्रांतातले फादर तिकडे जातात. वर्ष जूनमध्ये संपत असेल तर पेंटेकॉस्टनंतरच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा रविवार) एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी, येशूच्या पवित्र हृदयाचा सण येतो. त्या दिवशी त्या सणाचीच मिस्सा होते, 'कृतज्ञतेची' म्हणून वेगळी निवडता येत नाही. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका. दिवसाची वाचनं तशीच ठेवून मुलांचा विषय प्रवचनात आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आणता येतो.

आता मिस्सेत काय नको. बक्षिसं नको, नवीन विद्यार्थी प्रतिनिधींची शपथ नको, फोटोंची चित्रफीत नको. हा हट्ट नाही. बक्षीस म्हटलं की टाळ्या आल्या, टाळ्या आल्या की ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेतल्यानंतरची शांतता गेली. एक छोटं मनोगत ठेवायचंच असेल तर त्याची जागा ख्रिस्तप्रसादानंतरच्या प्रार्थनेनंतर, शेवटच्या आशीर्वादाआधी. दोन मिनिटं, एकच मूल, लिहिलेलं वाचायचं. पण माझं मत विचाराल तर तेही आशीर्वादानंतर सभागृहात न्या.

वाचनांबद्दल: मुलांसाठीच्या मिस्सांची निर्देशिका 1973 मध्ये निघाली आहे. बहुसंख्य मुलं आणि मोजकी मोठी माणसं असतील तर तिच्या आधारे वाचनं कमी करता येतात, पण शुभवर्तमान कधीच वगळता येत नाही. ते वाचायचं फादरांनी किंवा डीकननी (फादरांच्या खालच्या पदावरचा दीक्षित सेवक). पालकांनी चर्च भरलं असेल तर ही सवलत गृहीत धरू नका, फादरांशी बोला.

श्रद्धावंतांच्या प्रार्थनेचा क्रम ठरलेला आहे: ख्रिस्तसभा, राज्यकर्ते आणि जग, दुःखात असलेले, मग आपला समुदाय. शाळा शेवटच्या भागात येते. बऱ्याचदा पाचही प्रार्थना 'आमच्या वर्गासाठी', 'आमच्या शिक्षकांसाठी' अशाच लिहिलेल्या असतात, त्या फादर परत पाठवतात. प्रत्येक प्रार्थना एका वेगळ्या पानावर, कागदाच्या एकाच बाजूला, 18 पॉइंटच्या अक्षरात छापा. पाठपोट छापलं की मूल एकदम दोन पानं उलटतं आणि मध्येच थांबतं. माइक वर-खाली करत बसू नका. उंची एकदा ठरवा आणि बुटक्या मुलांसाठी पाट ठेवा. तोंडापासून माइक एक वीत. सराव रिकाम्या चर्चमध्ये घेतलात तर एका शिक्षकाला शेवटच्या बाकावर बसवा, रिकाम्या जागी आवाज घुमतो आणि मुलं मग हळू बोलायला शिकतात. भरलेल्या चर्चला त्याहून मोठा आवाज लागतो.

पांढरी_फीत
वाचनमंच यांच्याशी सहमत. मेणबत्तीबद्दल भर घालते, कारण तिथेच बहुतेक गडबड होते.

पास्का मेणबत्तीवरून (ईस्टरला पेटवतात त्या मोठ्या मेणबत्तीवरून) मुलांच्या मेणबत्त्या पेटवायचा मोह होतो. ती पास्काकाळात, म्हणजे ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत, वेदीजवळ असते. नंतर ती बाप्तिस्म्याच्या जागी ठेवतात आणि बाप्तिस्मा व अंत्यविधीला पेटवतात. त्यामुळे त्या काळाबाहेर वेदीवरच्या मेणबत्तीवरून ज्योत घ्या. आणि हा भाग मिस्सा संपल्यावर करा.

96 मोठ्या आणि तितक्याच लहान मुलांच्या हातात पेटत्या मेणबत्त्या देऊ नका. प्रत्येक तुकडीतून चार मोठी, चार लहान, म्हणजे 24 मुलं पुरेत. मेणबत्तीला मेण अडवणारी पुठ्ठ्याची चकती हवीच. चकतीचं छिद्र मेणबत्तीपेक्षा थोडं लहान कापा, नाहीतर ती घसरून हातावर येते. नियम एकच शिकवा: पेटलेली मेणबत्ती सरळ उभी राहील, न पेटलेली वाकेल. उलटं झालं की वितळलेलं मेण समोरच्याच्या बाहीवर. मोकळे केस बांधलेले, ओढण्या आणि रिबिनी मागे. पंखे बंद. दोन्ही टोकांना एकेक मोठं माणूस, ओल्या फडक्यासकट, आणि विझवलेल्या मेणबत्त्या टाकायला वाळूची बादली.

अजून एक. काही ठिकाणी 'आता आई-वडिलांनी मुलाच्या हाती मेणबत्ती द्यावी' असं घोषणेत असतं. दोघं नसलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात. 'घरचं मोठं माणूस' म्हणा, आणि ज्या मुलाकडून कोणीच येणार नाही त्याच्यासाठी शिक्षक आधी ठरवून ठेवा. हे त्या सकाळी सुचून उपयोग नाही.

दुसरी_घंटा
खूप मदत झाली. दोन उपप्रश्न. बिगर-कॅथलिक मुलांनी ख्रिस्तप्रसादाच्या वेळी काय करावं? आणि मिस्सेआधी पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली) ठेवायचं असेल तर वेळ किती लागतो?

वाचनमंच
पापनिवेदन मिस्सेच्या सकाळी नको, आधीच्या आठवड्यात घ्या. 40 मुलं, प्रत्येकी सरासरी तीन मिनिटं, म्हणजे एका फादरांना 120 मिनिटं. तीन फादर मिळाले तर 40 मिनिटांत होतं. शेजारच्या पॅरिशमधून (स्थानिक चर्चमधून) फादर बोलवायचे असतील तर महिनाभर आधी सांगा. थांबलेल्या मुलांची रांग आणि पापनिवेदनाची जागा यांत इतकं अंतर ठेवा की शब्द ऐकू येणार नाहीत. आणि किती मुलं गेली, कोण गेलं, याची नोंद कुणीही करू नये.

ख्रिस्तप्रसादाचा हिशेब: 350 जण घेणारे आणि तीन वाटणारे असतील तर दर माणसी पाच सेकंद धरून साधारण दहा मिनिटं. बाकीच्या मुलांनी छातीवर हात दुमडून रांगेत यावं आणि आशीर्वाद घ्यावा, ही पद्धत बऱ्याच शाळांत रुळलेली आहे. कोणी एकटं मागे राहत नाही.

पांढरी_फीत
इथे माझं मत थोडं वेगळं आहे. हात दुमडून आशीर्वाद घेण्याची तरतूद मिस्साविधीत नाही. शेवटी सगळ्यांना एकत्र आशीर्वाद मिळतोच. गर्दीत वाटणाऱ्याचं लक्ष चुकतं आणि हात दुमडलेल्या मुलापुढेही भाकर धरली जाते. मूल गोंधळून घेतं, मग घरी प्रश्न. मुलांना बसूनच राहायला सांगा, पण बाक अशी लावा की बसणारी मुलं गटाने असतील, एकेकटी नाही. जे काही ठरेल ते फादरांना विचारून ठरवा, कारण बिशपांच्या सूचना ठिकाणोठिकाणी वेगळ्या असतात. आणि ठरलेलं वर्गात आधी समजावून सांगा. रांगेत उभं राहिल्यावर कानात कुजबुजणं म्हणजे त्या मुलाला सगळ्यांसमोर वेगळं काढणं.

वाचनमंच
भाकर धरली जाण्याचा मुद्दा खरा आहे. फादरांना विचारणं हेच पहिलं.

हजेरीपट
माध्यमिकला जाणाऱ्या मुलांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते तुमच्या सहा आठवड्यांतला मोठा वाटा इथे जायला हवा. निरोपाची सकाळ थोडी विस्कटली तरी मुलं घरी आनंदानेच जातात. हे विस्कटलं तर ते पुढचं अर्धं सत्र पुरतं.

सगळ्यात आधी, जे मूल वर जाणार नाही किंवा ज्याचं अजून नक्की नाही, त्याच्या घरच्यांशी मुख्याध्यापकांनी बंद दाराआड बोलायचं, आणि तेही कुठलीही यादी लागण्याआधी. यादीत नाव नाही हे मुलाला फळ्यावरून कळणं, यासारखी दुसरी चूक नाही.

मग शिक्षकांची भेट. जुने वर्गशिक्षक आणि नवे वर्गशिक्षक समोरासमोर, शेवटच्या आठवड्याच्या तीन आठवडे आधी. नंतर कुणातच त्राण उरत नाही. 110 मुलांपैकी बहुतेकांना प्रत्येकी एक मिनिट पुरतं, पण 15-20 मुलांना दहा-दहा मिनिटं लागतात. म्हणजे पाच तासांच्या आसपास, दोन दुपारींत वाटून घ्या. प्रत्येक मुलाचं एकच पान: औषधं आणि अॅलर्जी, शाळेतून न्यायला कोणाला परवानगी आहे आणि कोणाला नाही, कोणाशेजारी बसून काम होतं, काय करून पाहिलं आणि उपयोग झाला नाही. शेवटची ओळ सगळ्यात मोलाची, आणि तीच कोरी राहते. 'मूल चंचल आहे' याचा नव्या शिक्षकाला काही उपयोग नाही. 'पहिल्या बाकावर बसवलं तर सारखं मागे वळतं, खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर शांत बसतं' याचा आहे. समुपदेशकांच्या नोंदी या पानात घालायच्या नाहीत. त्या वेगळ्या, पालकांच्या संमतीने.

तुकड्या पाडताना प्रत्येक मुलाकडून तीन नावं लिहून घ्या आणि त्यातलं किमान एक सोबत मिळेल एवढंच कबूल करा. दोन कबूल केलीत तर गणित जुळत नाही.

ओळखभेट तुकड्या जाहीर झाल्यावरच ठेवा, म्हणजे मुलं नव्या सोबत्यांबरोबर जातील. दीड तास पुष्कळ झाला. सगळी इमारत फिरवू नका, लक्षात राहत नाही. स्वच्छतागृह, पाणी, हरवलेल्या वस्तूंची जागा, बरं वाटेनासं झालं तर कोणाकडे जायचं, प्रार्थनागृह. एवढं त्यांनी स्वतः शोधायचं, चार-चारच्या गटाने. मग खरं वेळापत्रक हातात देऊन विचारा, 'मंगळवारी तिसरा तास कुठे?' रकाना आडवा वाचायचा की उभा, इथेच निम्मी अडतात. एकाच शिक्षकाकडून दहा शिक्षकांकडे जाताना हेच अवघड असतं.

भेटीच्या आठवडाभर आधी वर्गात बंद पेटी ठेवा, नाव न लिहिता प्रश्न टाकायला. उत्तरं शिक्षकांनी नाही, एक वर्ष पुढच्या मुलांनी द्यावीत. शिक्षकाने फक्त मागे बसावं.

दुसऱ्या शाळेत जाणारी मुलं त्या दिवशी रिकामी बसतात. त्यांच्या नव्या शाळेशी आधी बोला, तिथली भेट त्याच दिवशी लागते का पाहा.

पांढरी_फीत
त्यांच्याबद्दलच एक जोडते. दुसरीकडे जाणाऱ्या कॅथलिक मुलांच्या संस्कारांच्या तयारीचा धागा तुटतो. प्रथम ख्रिस्तप्रसाद किंवा दृढीकरणाची (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची) तयारी शाळेत अर्धी झाली असेल तर काय शिकवून झालं याचं पत्र शाळेने द्यावं. बाप्तिस्म्याची मूळ नोंद पॅरिशच्या वहीत असते, शाळेत नाही. दृढीकरण झाल्याचंही त्याच पॅरिशला कळवून तिथे नोंदवलं जातं. म्हणून पालकांना सांगा: शाळेच्या कपाटातल्या जुन्या प्रतीवर विसंबू नका, बाप्तिस्मा जिथे झाला तिथून ताजा दाखला काढा, आणि सुट्टी लागण्याआधी काढा. सुट्टीत पॅरिशच्या कार्यालयाची वेळ कमी असते.

दुसरी_घंटा
मग मी असं बसवते: पहिल्या आठवड्यात फादरांकडून तारीख पक्की करणं आणि पालकांशी ती खाजगी बोलणी. तिसऱ्यात शिक्षकांची भेट, चौथ्यात पेटी आणि पापनिवेदन. पाचव्याच्या सुरुवातीला ओळखभेट, त्याच आठवड्यात पण वेगळ्या दिवशी सभागृहात बक्षिसं. सहाव्यात फक्त मिस्सा, मेणबत्ती आणि प्रमाणपत्रं. 96 प्रमाणपत्रांना किती वेळ धरू?

हजेरीपट
नाव पुकारताना पुढचं मूल पायरीशी उभं असेल तर प्रत्येकी आठ सेकंद, म्हणजे 13 मिनिटं. पंधरा धरा. एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने प्रमाणपत्र रांगेच्या क्रमाने हाती द्यायचं. एक जरी मूल गैरहजर असलं तरी पुढची सगळी प्रमाणपत्रं एकेक घर सरकतात. म्हणून प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या नावाची चिठ्ठी द्या, ती वाचणाऱ्याकडे द्यायची आणि तेच नाव पुकारायचं. चिठ्ठीवर नावाचा उच्चार मुलाने स्वतः देवनागरीत लिहिलेला असावा. आडनावं तिथेच चुकतात.