कळणे, वळणे आणि ग्रीक नीतिविचार: प्रतिशब्द कोणते घ्यावेत?

शब्दवेल्हाळ

ॲरिस्टॉटलच्या 'निकोमॅकियन एथिक्स' या नीतिविषयक ग्रंथातल्या दुसऱ्या, सहाव्या आणि सातव्या पुस्तकांतले निवडक उतारे मराठीत आणायचे आहेत. अरेते, एथोस, अक्रासिया आणि प्सुखे हे चार शब्द अडतात. सहसा यांना अनुक्रमे सद्गुण, नीती, असंयम आणि आत्मा म्हणतात. पण वाक्यात बसवले की गडबड होते. ॲरिस्टॉटल घोड्याच्या आणि डोळ्याच्या अरेतेबद्दलही बोलतो. 'डोळ्याचा सद्गुण' कसे लिहिणार? एका संज्ञेला सगळीकडे एकच मराठी शब्द ठेवावा की संदर्भाप्रमाणे बदलावा?

उलटतपासणी

अरेते म्हणजे ज्याचे जे काम, ते त्याने उत्तम करण्याची क्षमता. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादाच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी सॉक्रेटिस हेच सांगतो. द्राक्षाची वेल खंजिरानेही कापता येईल, साध्या सुरीनेही. पण त्याच कामासाठी घडवलेल्या कोयत्याने ती सर्वांत चांगली छाटली जाते. ते कोयत्याचे काम आणि ते चांगले करणे ही त्याची अरेते. महाकवी होमर तर धावपटूच्या पायांची अरेते सांगतो.

मराठीत याच्या जवळचा शब्द नुसता 'गुण'. औषधाचा गुण येतो, ढवळ्याशेजारच्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो. तिथे गुण म्हणजे परिणाम घडवणारी अंगची गोष्ट, आणि डोळ्याचा गुण, घोड्याचा गुण सहज चालते. अडचण वेगळीच आहे. ॲरिस्टॉटलच्या पदार्थविचारात 'कसे आहे' या प्रश्नाचे उत्तर देणारा जो वर्ग येतो, त्यालाही आपण वैशेषिक दर्शनाच्या धर्तीवर गुणच म्हणतो. एकाच पुस्तकात दोन्ही आले तर वाचक फसेल. निव्वळ नीतिविषयक उतारे असतील तर पहिल्यांदा 'गुण (अरेते)' द्या, माणसाच्या शीलाचा विषय सुरू झाला की 'सद्गुण' करा आणि हा बदल तळटीपेत नोंदवा. 'उत्कृष्टता' मात्र नको, तो शब्द प्रशस्तिपत्रकातला वाटतो.

पाणिनीचा पाहुणा

एथोसची खरी अडचण आधी लिपीत आहे. दुसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ॲरिस्टॉटल म्हणतो की शीलाचे गुण सवयीतून येतात, म्हणून त्यांचे नावही 'सवय' या शब्दात किंचित फरक करून आले आहे. ग्रीकमध्ये शीलाचा एथोस दीर्घ ए-ने सुरू होतो आणि सवयीचा ऱ्हस्व ए-ने. मराठीच्या देवनागरीत ऱ्हस्व ए नाही. दोन्ही शब्द 'एथोस'च लिहिले जातात आणि ते वाक्य अर्थहीन होते. 'नैतिक' घेऊनही सुटत नाही. नीती 'नी' म्हणजे नेणे या धातूची; तिच्यात सवयीचा मागमूस नाही.

इथे संस्कृत कामी येते. शील आणि शीलन एकाच धातूचे. शीलन म्हणजे पुन्हापुन्हा करणे. परिशीलन, अनुशीलन हे शब्द मराठीत आहेतच. 'शील शीलनाने येते, आणि नावातही दोहोंत किंचितच फरक आहे', असे लिहिले की मूळ वाक्यातली कोटी शाबूत राहते.

जाता जाता: फ, थ, ख ही अक्षरे अभिजात ग्रीकच्या त्या तीन महाप्राण व्यंजनांना नेमकी बसतात. तेव्हा 'प्सुखे'तला ख बदलून 'सायकी' करू नका. फक्त त्या उ-चा उच्चार उ आणि इ यांच्या मधला होता, आणि त्याला आपल्याकडे चिन्ह नाही.

रिकामटेकडी

शीलन बरोबर आहे, पण ते पुस्तकी. बोलीत 'वळण' आहे की! मुलाला वळण लावतात, घरचे वळण चांगले असते, अक्षरालाही वळण असते. सतत करून घडलेला आकार, हाच ॲरिस्टॉटलचा मुद्दा. तो दगडाचे उदाहरण देतो: दगड दहा हजार वेळा वर फेकला तरी त्याला वर जायची सवय लागत नाही. दगडाला वळण लागत नाही, माणसाला लागते. लहानपणापासून कोणते वळण लागते याने थोडाथोडका नव्हे, सगळाच फरक पडतो, हेही तो तिथेच सांगतो.

हा धागा धरला तर अक्रासियाही सुटते. सातवे पुस्तक ज्या प्रश्नावर उभे आहे तो मराठीत चार शब्दांत मावतो: कळते पण वळत नाही. प्लेटोच्या 'प्रोतागोरस' संवादात सॉक्रेटिस म्हणतो की असे होऊच शकत नाही. ज्ञान असताना दुसऱ्याच कशाने त्याला गुलामासारखे फरफटत न्यावे, हे त्याला पटत नाही. जवळचे सुख मोठे दिसते आणि लांबचे दुःख लहान दिसते, म्हणून मोजमाप चुकते. म्हणजे वळले नाही याचा अर्थ कळलेच नव्हते. ॲरिस्टॉटल म्हणतो, हे मत उघड दिसणाऱ्या गोष्टींच्या विरुद्ध आहे.

त्याचे स्वतःचे उत्तर मात्र अर्धे सॉक्रेटिसकडेच झुकते. ज्ञान जवळ असणे वेगळे आणि त्या क्षणी वापरात असणे वेगळे. झोपलेला, पिसाळलेला, दारू प्यायलेला माणूस एम्पेदोक्लीज या तत्त्वज्ञ-कवीचे श्लोक घडाघडा म्हणेल, पण तेवढ्याने ते त्याला कळले असे होत नाही. नवशिके विद्यार्थीही वाक्ये नीट जोडतात, तरी त्यांना अजून ठाऊक नसते. ते अंगात वाढून एकजीव व्हावे लागते आणि त्याला वेळ लागतो. ही 'अंगात वाढण्या'ची क्रिया म्हणजे आपले 'अंगवळणी पडणे'.

शब्दवेल्हाळ

कळते-वळते झकास आहे. पण भाषांतरात नुसता वाक्प्रचार पुरत नाही. अक्रासिया, ती असलेला अक्रातेस, आणि तिच्या विरुद्ध असलेला एन्क्रातेस, अशी सगळी रूपे एकाच पानावर येतात. शिवाय सोफ्रोसुने (संयत वृत्ती) आणि अकोलासिया (सुखांमागे बेबंद धावणे) आहेतच. 'संयम' एकाला दिला की दुसरा उपाशी राहतो.

उलटतपासणी

खरे आहे. संज्ञा निवडताना कसोटी हीच लावा: तिचे विशेषण होते का, माणसाला लावता येते का, नकार करता येतो का. आधी चार माणसे वेगळी करू.

सोफ्रोनला, म्हणजे सोफ्रोसुने असलेल्याला, वाईट सुखाची ओढच नाही. एन्क्रातेसला ओढ आहे, पण तो तिला हरवतो. अक्रातेस हरतो आणि नंतर पस्तावतो. अकोलास्तोस, म्हणजे अकोलासिया असलेला, त्या सुखामागे जातो कारण त्याच्या मते तेच योग्य आहे. म्हणून तो पस्तावत नाही आणि म्हणूनच सुधारत नाही.

'असंयमी' म्हटले की शेवटचे दोघे एक होतात. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण सातव्या पुस्तकाचा बराच युक्तिवाद या दोघांत फरक करण्यासाठी आहे. अक्रातेस म्हणजे चांगले कायदे केलेले, पण ते न पाळणारे नगर. अकोलास्तोस म्हणजे वाईट कायदे करून ते काटेकोर पाळणारे नगर.

माझी सूचना: एन्क्रातेसच्या अंगच्या एन्क्रातेइयाला 'निग्रह'. या शब्दात झटापट आहे; गीतेत अर्जुन मनाचा निग्रह वाऱ्याला धरण्याइतका कठीण म्हणतो. मग अक्रासिया 'अनिग्रह', माणसे निग्रही आणि अनिग्रही. 'संयम' सोफ्रोसुनेसाठी मोकळा राहतो. अकोलासिया म्हणजे 'स्वैराचार'. तिचा मूळ अर्थ शिक्षा न झालेला, आणि लाडावलेल्या मुलांनाही हाच शब्द लावतात असे ॲरिस्टॉटल तिसऱ्या पुस्तकात सांगतो. त्या एका परिच्छेदापुरते 'मोकाट' वापरा.

अनिग्रहाचेही दोन प्रकार आहेत हे विसरू नका. एक विचार करून ठरवतो आणि ठरवल्यावर टिकत नाही, तो दुबळा. दुसरा विचार करायला थांबतच नाही, तो उतावळा. 'दौर्बल्य' हा प्रतिशब्द अक्रासियालाच देऊन टाकला तर हा फरक मांडायला शब्द उरत नाही.

पाणिनीचा पाहुणा

निग्रहाला पूर्ण अनुमोदन. वळणाबाबत एक इशारा. 'रिपब्लिक'च्या सातव्या पुस्तकात शिक्षण म्हणजे आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालणे नव्हे, तर सगळी प्सुखे अंधाराकडून उजेडाकडे वळवणे, असे आहे. तिथेही 'वळवणे'च लिहिले जाणार. मराठीत वळण, वळवणे, वळत नाही, अंगवळणी हे सारे एका धातूचे गोत. ग्रीकमध्ये सवयीचा एथोस, अक्रासिया आणि वळवण्याचे क्रियापद यांचा आपसात काही संबंध नाही. प्रस्तावनेत याचा सिद्धांत करू नका. वाक्यांत आपोआप येईल तेवढे येऊ द्या.

रिकामटेकडी

मान्य. सिद्धांत नाही, सोय आहे.

आता प्सुखे. इथे एकच शब्द ठेवण्याचा हट्ट सोडावाच लागेल. होमरमध्ये प्सुखे मरताना सोडून जाते; जिवंत माणूस तिच्याने विचार करत नाही. तिथे 'प्राण'. ॲरिस्टॉटलच्या 'प्सुखेविषयी' या ग्रंथात वनस्पतींनाही प्सुखे आहे, ती पोषण आणि वाढ करणारी. जनावरांत तिच्यावर संवेदना येते, माणसात विचार. डोळा हा प्राणी असता तर दृष्टी ही त्याची प्सुखे झाली असती, असे तो म्हणतो. याला 'आत्मा' म्हटले की मराठी वाचक शरीर टाकून जाणारे काहीतरी शोधू लागतो, आणि ॲरिस्टॉटलचा सगळा रोख उलटा आहे: कुऱ्हाडीपासून तिचे कुऱ्हाडपण बाजूला काढून ठेवता येत नाही. तिथे 'जीव' घ्या. जैन विचारात वनस्पती एकेंद्रिय जीव आहेतच, त्यामुळे 'वनस्पतीचा जीव' कानाला खटकणार नाही.

सॉक्रेटिसच्या तोंडी 'आत्मा' सर्वांत जास्त घात करतो. 'अपॉलॉजी'त, म्हणजे खटल्यातल्या त्याच्या भाषणात, तो अथेन्सकरांना म्हणतो की पैसा आणि मानमरातब यांची काळजी करता, प्सुखे शक्य तितकी चांगली व्हावी याची करत नाही. 'क्रिटो' संवादात तीच गोष्ट अन्यायाने बिघडते आणि न्यायाने सुधारते. शस्त्राने न तुटणारा, आगीने न जळणारा, कशानेच न बदलणारा आत्मा बिघडेल कसा? आणि बिघडत नसेल तर काळजी कशाची? 'आत्म्याची काळजी घ्या' हे वाक्य आपल्या दर्शनांच्या भाषेत आतूनच फुटते. 'अंतःकरण' लिहा. ते मलिन होते, शुद्ध होते, जपावे लागते.

उलटतपासणी

प्लेटोच्या 'फायदो' संवादात मात्र मरणानंतर उरणे हाच वादाचा विषय आहे. तिथे 'जीवात्मा' चालेल.

रथाच्या रूपकापाशीही जपून. प्लेटोच्या 'फायद्रस' संवादातला रथ आणि कठोपनिषदातला रथ शेजारी ठेवण्याचा मोह सर्वांनाच होतो. कठोपनिषदात आत्मा रथात बसलेला रथी आहे. सारथी बुद्धी, लगाम मन, घोडे इंद्रिये, शरीर रथ. 'फायद्रस'मध्ये वेगळा रथी नाही. सारथी, चांगला घोडा आणि द्वाड घोडा मिळूनच प्सुखे, आणि देहात पडण्याआधीही ती तशीच तिपेडी. भाषांतरात सारथ्याला 'बुद्धी' म्हणा हवे तर, पण 'आत्मा' त्या रथात कुठेच बसवू नका.

चांगल्या घोड्याला, म्हणजे 'रिपब्लिक'मध्ये प्सुखेचे जे तीन भाग केले आहेत त्यांतल्या मधल्या भागाला, 'क्रोध' म्हणणेही अपुरे. तिथल्या एका गोष्टीत लेओन्तिओस नावाचा माणूस बंदरावरून वर येताना तटाबाहेर पडलेली प्रेते पाहतो. पाहायची इच्छाही होते आणि किळसही येते. शेवटी धावत जाऊन तो स्वतःच्या डोळ्यांनाच म्हणतो, घ्या, बघा पोटभर. हा स्वतःवरचा राग आहे. 'मानी भाग' म्हणा. त्या क्षणीच्या भावनेला 'त्वेष'.

शब्दवेल्हाळ

सहाव्या पुस्तकातले फ्रोनेसिस, म्हणजे व्यवहारातले शहाणपण, राहिले. 'विवेक' पुरेल का? आणि दुसऱ्या पुस्तकात सद्गुण अति आणि उणे यांच्या ज्या मध्यात असतो, त्याला सुवर्णमध्य म्हणू का?

पाणिनीचा पाहुणा

सुवर्णमध्य अजिबात नको. त्यातले सोने होरेस या रोमन कवीचे. ॲरिस्टॉटल नुसते मध्य म्हणतो. शिवाय मराठीत सुवर्णमध्य काढणे म्हणजे दोन पक्षांत तडजोड. ॲरिस्टॉटल नेमके तेच नाकारतो. दहा मिना अन्न जास्त आणि दोन मिना कमी, म्हणून तालीम देणारा सगळ्यांना सहा मिना देत नाही. मिना म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम. अडीच किलोच्या आसपासचा हा खुराक मायलो पैलवानाला कमी आणि नवशिक्याला जास्त. अंकगणिती मध्य वेगळा आणि 'आपल्यापुरता' मध्य वेगळा.

'विवेक'ला वेदान्ताचा नित्यानित्यविवेक (नित्य काय आणि अनित्य काय हे ओळखणे) चिकटलेला आहे. फ्रोनेसिस उलट बदलू शकणाऱ्या गोष्टींपुरते असते. हलके मांस पचते एवढेच ज्याला ठाऊक आहे, पण हलके कोणते हे ठाऊक नाही, तो कुणाला बरे करू शकत नाही; कोंबडीचे मांस पथ्याचे, एवढे जाणणारा करू शकतो. हे 'तारतम्य'. त्याचे विशेषण धड होत नाही, पण माणसासाठी 'जाणता' तयार आहे. ॲरिस्टॉटलला फ्रोनिमोस (फ्रोनेसिस असलेला) म्हणून अथेन्सचा नेता पेरिक्लीज दिसतो, आणि थेलीज व अनॅक्सगोरस हे तत्त्वज्ञ विद्वान असूनही जाणते नव्हेत.

शब्दवेल्हाळ

मग दुसऱ्या पुस्तकातल्या सद्गुणाच्या व्याख्येचे भाषांतर असे करतो: 'सद्गुण म्हणजे निवड करणारी, अंगात मुरलेली वृत्ती, ती आपल्यापुरत्या मध्यात असते, आणि तो मध्य विचाराने, म्हणजे जाणता माणूस ज्या विचाराने ठरवील त्या विचाराने, ठरलेला असतो.'

उलटतपासणी

'मुरलेली' ठेवा, ती एका दिवसात येत नाही आणि जातही नाही. 'निवड'च्या जागी 'विचारपूर्वक निवड' करा. मुले आणि जनावरे आपखुशीने कृती करतात, पण मूळ ग्रीक शब्द ॲरिस्टॉटल त्यांना लावत नाही. आणि 'तो मध्य ठरलेला' यावर टीप हवी: मूळ शब्दाखाली इओटा हे ग्रीक अक्षर बारीक लिहिलेले आहे की नाही यावर ठरलेला मध्य की ठरलेला सद्गुण हे अवलंबून आहे, आणि दोन्ही पाठ चालतात.