डिस्प्लेवरचा आकडा आणि जाळीवरचं तापमान

एकाच्या पेलेट ग्रिलच्या (लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळून चालणाऱ्या ग्रिलच्या) डिस्प्लेवर १०७ अंश सेल्सिअस आणि जाळीवरच्या प्रोबवर (तापमान मोजणाऱ्या सळईवर) ११८ दिसतंय, म्हणून कंट्रोलर (तापमान सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलायचा सल्ला त्याला कुणीतरी दिलाय. एवढ्यात नको. बहुतेक पेलेट ग्रिलमध्ये कंट्रोलरचा सेन्सर आतल्या भिंतीला असतो, त्याला फक्त तेवढीच जागा कळते. शिवाय पेलेट टप्प्याटप्प्याने पडतात, त्यामुळे आकडा वरखाली होणारच. एका क्षणाचे दोन आकडे ताडून काही हाती लागत नाही.

आधी प्रोब तपासा. ठेचलेला बर्फ, त्यात जेमतेम पाणी, नीट ढवळायचं. शून्याच्या आसपास यायला हवं. टोक भांड्याला टेकू देऊ नका. मग रिकाम्या ग्रिलमध्ये चार कोपरे आणि मध्यभाग असे पाच प्रोब जाळीच्या थोडे वर, धातूला न चिकटता लावा. तापमान स्थिरावलं की तासभर झाकण बंद ठेवून नोंदी घ्या आणि प्रत्येक जागेची सरासरी काढा. झाकण उघडून डोकावायचा मोह आवरा, नाहीतर ती नोंद बाद.

एवढे प्रोब नसतील तर १७५ अंशांवर जाळीभर पावाचे स्लाइस मांडा. काही मिनिटांनी उलटून पाहिलं की गरम जागा करपून स्वतःच बोलतात. पण यातून खालून येणारी धग कळते, हवेचं तापमान नाही.

फरक मोठा निघाला तर फायरपॉटवरचा (पेलेट जळतात त्या भांड्यावरचा) पत्रा सरकलाय का आणि राख साचलीय का, हे आधी बघा. आणि हो, मांस ठेवून चाचणी करू नका. थंड तुकड्याशेजारचा प्रोब कमीच दाखवणार.