मदत हवी आहे: 'डंकर्क' युद्धनौकेच्या विमानविरोधी तोफा, १/३५० मॉडेल

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने फ्रेंच युद्धनौका डंकर्कचं १/३५० मापाचं मॉडेल बांधतोय. दिवसही ठरवलाय, ३ जुलै १९४०. अल्जीरियातल्या मेर्स-एल-केबिर बंदरात ब्रिटिशांनी कालपरवापर्यंतच्या मित्राच्याच आरमारावर तोफा डागल्या. सुमारे तेराशे फ्रेंच खलाशी गेले. त्यामुळे या जहाजावर चुकीची तोफ चिकटवायला मन धजत नाही.

मोठ्या तोफा झाल्या आहेत. ३३० मिमीच्या आठ, चार-चारच्या दोन टरेटमध्ये (टरेट म्हणजे तोफांचा फिरता चिलखती बुरूज), दोन्ही टरेट पुढच्या बाजूला. नळी ५० कॅलिबरची, म्हणजे तोंडाच्या व्यासाच्या ५० पट, साडेसोळा मीटर. आपल्या मापात ४७ मिमी. वडील गोदीत फिटर होते, त्यांच्या छोट्या लेथवर पितळेच्या नळ्या काढल्या. १३० मिमीच्या सोळा तोफा किटमधल्याच ठेवल्यात, मागे चार नळ्यांची तीन टरेट आणि मध्यावर दोन जुळी. जहाजं आणि विमानं दोन्हींवर मारा करता यावा म्हणून या तोफा केल्या होत्या. विचार चांगलाच होता, पण नळी उंच केली की गोळा भरताना अडकायचा.

माझं घोडं अडलंय ते लहान तोफांवर. ३७ मिमीच्या, मॉडेल १९३३ म्हणतात त्या, पाच जोड्या, म्हणजे दहा नळ्या. आणि हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या १३.२ मिमी मशीनगन, चार-चारच्या आठ माउंटवर (गन बसवायच्या बैठकीवर), एकूण बत्तीस. किटमध्ये ३७ मिमीला बोफोर्स या स्वयंचलित तोफेसारखी वरून काडतुसं भरायची चौकट दिलीय. हे साफ चुकीचं आहे. ही तोफ अर्धस्वयंचलित, प्रत्येक गोळा माणसानं हातानं भरायचा, म्हणून एका नळीतून मिनिटाला पंधरा-वीस गोळेच जायचे. ती चौकट मी कापून टाकली. नळीसाठी इन्सुलिनची सुई वापरली, ५.३ मिमी लांबीला कापून. छान बसली.

१३.२ मिमीचं मात्र जमत नाहीये. किटमध्ये चार नुसत्या काड्या आहेत, मॅगझिनचा, म्हणजे गोळ्यांच्या पेटीचा, पत्ताच नाही. खऱ्या गनवर तीस गोळ्यांचं बाकदार मॅगझिन वर उभं असतं, ते नसलं तर हॉचकिस ओळखूच येत नाही. नळी जेमतेम २.९ मिमी. जुन्या इअरफोनच्या वायरीतली तांब्याची तार घेऊन पाहिली, पण नळीच्या मागच्या भागावरच्या थंड होण्यासाठीच्या चकत्या दाखवायच्या कशा?

तर जाणकारांना तीन प्रश्न:

जपानी आरमाराची टाइप ९३ ही १३ मिमीची गन हॉचकिसच्याच परवान्यावर बनली होती. जपानी जहाजांसाठी तयार मिळणारे तिचे सुटे भाग मी वापरले तर चालतील का?

दुसरं, मला दोन नंबरच्या टरेटवरचा घाव दाखवायचाय. ब्रिटिशांचा १५ इंची गोळा छतावर बसला, उजव्या अर्ध्यातली सगळी माणसं गेली. मधल्या चिलखती भिंतीमुळे डावा अर्धा वाचला आणि त्यातल्या तोफा चालू राहिल्या. छताला भोक पाडायचं की नुसता खोलगट वण?

तिसरं, नेटवर तुटक्या डंकर्कचे बरेच फोटो आहेत. ते आधाराला घेऊ का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे फसायला होतं. ते फोटो बहुतेक तुलाँ या फ्रेंच बंदरातले असतात. डंकर्क फेब्रुवारी १९४२ मध्ये तुलाँला आणली आणि २७ नोव्हेंबर १९४२ ला फ्रेंचांनी स्वतःच ड्रायडॉकमध्ये तिचा नाश केला. ती मोडतोड १९४० ची नव्हे. शिवाय तिच्याच जोडीच्या स्ट्रासबूर्ग जहाजाचे फोटो डंकर्क म्हणून सर्रास फिरतात. पुढचा मनोरा नीट बघा, दोघींचा वेगळा आहे.

टाइप ९३ बिनधास्त वापरा, गन तीच आहे. फक्त माउंटचा खालचा भाग फ्रेंच फोटो बघूनच करा. चकत्यांसाठी तारेवर केसाएवढी बारीक तार गुंडाळा, एक वेढा सोडून एक. रंग दिल्यावर हुबेहूब दिसतं. मॅगझिनसाठी ०.२५ मिमीची प्लास्टिक शीट कापा.

छत १५० मिमी जाडीचं होतं. गोळा तिरका बसून बाहेर उसळला, आत भरलेल्या दारूनं पेट घेतला. त्यामुळे छत उघडं पाडू नका. उजव्या बाहेरच्या तोफेवर खचलेला, फाटलेला पत्रा आणि काळा धूर पुरे. आणि चारही नळ्या सारख्या अंतरावर लावल्या नाहीत ना? दोन-दोन जोडीनं जवळ, मध्ये भिंतीमुळे जास्त फट.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. थोडी भर घालतो. पूर्ण स्वयंचलित ३७ मिमी तोफ फ्रेंचांनी केली होती, मॉडेल १९३५. १९४० मध्ये ती चाचणीसाठी आमिएँ या छोट्या जहाजावर बसली, पण डंकर्कच्या नशिबी आली नाही. कोणी ती लावायला सांगितली तर ऐकू नका. मला राग याचा येतो की त्याच हॉचकिसनं २५ मिमीचं डिझाइन जपानला दिलं, जपानी आरमारानं ते जहाजाजहाजावर बसवलं, आणि फ्रेंच खलाशी मात्र १३.२ मिमीवरच राहिले. तीस गोळ्यांचं मॅगझिन चार सेकंदांत संपायचं, मग नवं चढवायचं, तेही विमान डोक्यावर असताना.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच कॅलिपर लावून पाहिलं, पहिल्या टरेटच्या नळ्या मी सारख्याच अंतरावर चिकटवल्या आहेत. आज रात्री सोडवतो. दुसऱ्या टरेटच्या अजून लावल्या नव्हत्या, ते बरं झालं. तार गुंडाळून पहिली हॉचकिस झाली की फोटो इथेच टाकतो. चकत्या किती वेढ्यांच्या ठेवू, तेवढं सांगा.