आरपीसी/एन्कोडेड सेवा: समोरच्याला बदलायला सांगा, एवढंच?

जुनाखिळा: काल इथे सल्ला वाचला: "आरपीसी/एन्कोडेड डब्ल्यूएसडीएल दिसली की समोरच्याला सेवा नव्याने लिहायला सांगा, एक्सिस १.४ ला हात लावू नका." (आरपीसी/एन्कोडेड म्हणजे एसओएपी वेब सेवेत डेटा लिहिण्याची जुनी पद्धत, डब्ल्यूएसडीएल म्हणजे सेवेचं वर्णन करणारी फाइल, एक्सिस म्हणजे जावाची जुनी एसओएपी लायब्ररी.) रात्रभर डोक्यात राहिलं. आमच्या समोरच्या सेवेचा सोर्सच कुणाकडे नाही, लिहिणारा केव्हाच सोडून गेला. सांगू कुणाला? बेसिक प्रोफाइल या वेब सेवांच्या नियमावलीने २००४ मध्ये एन्कोडेड बाद केलं म्हणून चालू सेवा बंद पडत नाहीत. डब्ल्यूएसडीएलवरून जावा कोड काढणारं डब्ल्यूएसइम्पोर्ट पहिल्याच पायरीला नकार देतं, सीएक्सएफ ही दुसरी लायब्ररीही. एक्सिसने तासाभरात स्टब (सेवेला हाक मारणारा तयार कोड) काढून दिले.

लालबावटा: सल्ला माझाच होता आणि मी त्यावर ठाम आहे. एक्सिस १.४ हे २००६ चं. सर्टिफिकेटवरचं होस्टनेम ते तपासत नाही, हे २०१२ मध्येच जाहीर झालंय. म्हणजे समोर खरा सर्व्हर आहे की तोतया, ते कळतच नाही. त्यावरून तुम्ही पासवर्ड पाठवताय!

कंसातली: लायब्ररी हवीच कशाला? चार ऑपरेशनं असतील तर विनंतीचा साचा हाताने लिहा, एचटीटीपीवर पाठवा, उत्तर पार्स करा, म्हणजे त्यातला डेटा वेचून घ्या.

बिल्डवाला: सगळा घोळ जेडीके ११ ने (जावाच्या आवृत्तीने) जॅक्स-डब्ल्यूएस, म्हणजे वेब सेवांची अंगभूत सोय, काढून टाकल्यापासून आहे.

जुनाखिळा: नाही हो. ते डिपेंडन्सी (वेगळी लायब्ररी) टाकून परत आणता येतं, पण त्यात एन्कोडेड आधीही नव्हतं.
@कंसातली, साचा करून पाहिलाय. चाचणीत सगळं हिरवं. खऱ्या डेटात दोन ऑर्डरींचा पत्ता एकच निघाला. सर्व्हरने तो शेवटी मल्टिरेफ नावाच्या वेगळ्या नोडमध्ये एकदाच लिहिला आणि दोन्हीकडे त्याच्या आयडीकडे बोट दाखवणारा नुसता एचरेफ दिला. आमच्या पार्सरला दोन्ही पत्ते रिकामे. तीन रात्री गेल्या.

कंसातली: मग पार्सर अर्धवट होता. आधी आयडी गोळा करायचे, एचरेफच्या जागी तो नोड बसवायचा, मग वाचायचं. त्यात अवघड काय?

जुनाखिळा: नोड एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर? पालकाकडे मूल, मुलाकडे पालक. बसवत बसा! शिवाय नावात '&' आला की हाताने जोडलेला साचा मोडतो.

कंसातली: साचा एक्सएमएल रायटरने भरायचा, स्ट्रिंगा जोडून नाही. चक्राचं मात्र खरं. माझ्या सेवेत तशी रचना नव्हती.

लालबावटा: एक्सिस वापरायचंच तर वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडा. बाहेरचा टीएलएस (सुरक्षित जोडणी) होस्टनेम तपासणाऱ्या प्रॉक्सीकडे, म्हणजे मधल्या सर्व्हरकडे द्या, आपल्या अॅपला साधा जेसन डेटा द्या. एवढं केलंत तर माझी हरकत नाही. मुख्य क्लासपाथमध्ये (अॅपच्या लायब्ररींच्या यादीत) मात्र अजिबात नको.

जुनाखिळा: प्रॉक्सी आमच्याकडे नव्हता. ती चूक आमची, या आठवड्यात लावतो. पण मग "हात लावू नका" हे वाक्य मागे घ्या. नवीन पोरं ते वाचून हात वर करून बसतात.